पेटीवरचं उड्डाण

माझ्या वडिलांनी आयुष्यात कुठल्याही पेटीचा वरचा थर खरा मानला नाही. दापोलीत आमचा आंब्याचा व्यापार. बागायतदार पेटी उघडून दाखवायचा, वर टपोरे, एकसारखे हापूस मांडलेले असायचे, आणि बाबा त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता पेंढ्यात हात खुपसून तळाचा आंबा वर काढायचे. तळाला बहुतेक वेळा काय निघायचं ते सांगायला नको. मग तो बारका, डागाळलेला आंबा ते बागायतदाराच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हा तुमच्या पोरांना द्या." शिवीपेक्षा हे जास्त लागायचं.

अशा घरात वाढलेली मुलगी कशी होणार? दुधात पाणी किती, हे मी चरवीत डोकावून सांगायचे. पाहुणे "पोट भरलं" म्हणाले तर ते खरं की भीड, याचा विचार करत बसायचे. आणि आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली, ती तर आम्हा दोघांच्या वरताण. सरळ बोलणाऱ्या माणसाचा तिला विशेष संशय. "येवढा सरळ बोलतोय म्हंजे कायतरी वाकडं हाय," असं तिचं शास्त्र होतं.

त्या घरात माझं लग्न ठरलं, आणि ठरलं ते हेलिकॉप्टर शिकणाऱ्या मुलाशी. ऐंशीच्या दशकाची ती पहिली वर्षं. मुलगा केळशीच्या अलीकडच्या एका गावातला. वडील नव्हते, घरी आई आणि थोडी आंब्या-नारळाची बाग. पदवी झाल्यावर सैन्यात वैमानिक म्हणून त्याची निवड झाली होती. लहान विमानावरचं शिक्षण झालं होतं आणि आता त्याला हेलिकॉप्टरवर घातलं होतं. आमच्याकडे हेलिकॉप्टर म्हणजे निवडणुकीत एखादा मोठा पुढारी उतरायचा ते. ते चालवणारा माणूस आपल्यातलाच असू शकतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबांनी पहिल्या भेटीत त्याला प्रश्नांनी पिंजून काढलं. त्यातल्या निम्म्यांना त्याचं उत्तर होतं, "ते मला नाही माहीत." तो गेल्यावर बाबा म्हणाले, "तळापर्यंत हात घालून बघितला. खाली-वर सारखाच लागला." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी कुणाचीच ऐकली नव्हती. आत्याने नुसतं नाक मुरडलं. म्हणजे पटलेलं नव्हतं.

एक अट होती. शिक्षण पुरं होऊन छातीवर पंखांचा बिल्ला लागेपर्यंत सैन्यात लग्नाची परवानगी नव्हती. मार्गशीर्षापर्यंत बिल्ला लागेल असा त्याचा अंदाज, म्हणून मार्गशीर्षातला मुहूर्त काढला आणि साखरपुडा करून टाकला. मी अंगठी घातली, हिरवी साडी नेसले, आणि मनातल्या मनात म्हटलं, बघू.

कार्तिकात त्याचं पत्र आलं, शिक्षण लांबलं, मुहूर्त पुढे ढकला. कारण काय, तर हेलिकॉप्टरचे सुटे भाग आले नाहीत, निम्मी यंत्रं जमिनीवर उभी आहेत. बाबांनी हे दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "सरकारकडे सुटा भाग नाही? आमच्या बाजारात जुन्या टेम्पोला भाग मिळतो, आणि सैन्याला मिळत नाही? उद्या लढाई लागली तर हे काय बैलगाडीतून जाणार?" आत्याने लगेच निकाल दिला. "भाग नाय नि बीग नाय. तिकडं दुसरी कोनतरी आसंल."

मला दोन्ही पटेना. दुसरी असती तर त्याने चांगलं सजवलेलं कारण दिलं असतं. सुटे भाग नाहीत, असलं दळभद्री कारण कोण बनवून सांगेल? पण खरं मानावं, तर तेही गळ्याखाली उतरत नव्हतं. एवढं मोठं सैन्य आणि शिकायला यंत्र नाही! मी रोज रात्री अंगठी काढून डबीत ठेवायचे आणि सकाळी परत घालायचे. आत्या ते बघायची.

मुहूर्त माघात गेला. आणि पौषात, मोहोर फुटायच्या दिवसांत, तो गावी आला.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमची निम्मी माणसं मुंबईत. ती वर्षातून दोनदा गावी येतात, शिमग्याला आणि गणपतीला. एखादा मे महिन्यात मुलांना घेऊन आला तर चालतं. पण शिमगा नाही, गणपती नाही, घरात कुणी दगावलेलं नाही, आणि धडधाकट तरुण माणूस पौषात गावात दिसला, तर त्याचा एकच अर्थ. नोकरी गेली. ते कुणी त्याला विचारत नाहीत, विचारायचं कारणच नसतं. लोक उलट जास्त गोड बोलायला लागतात. "आलास? बरं झालं. र्‍हा थोडे दिस," असं म्हणतात, आणि वळल्यावर मान हलवतात.

त्याच्याशीही गाव असंच गोड बोलायला लागलं. तो सांगत होता की तिकडे यंत्रं नाहीत म्हणून रजा देऊन पाठवलंय. लोक "हो, हो" म्हणत होते. आठवडा गेला, दुसरा गेला, तो गावातच. आत्या हर्णेला संध्याकाळच्या लिलावातून सुरमई आणायला गेली होती, ती सुरमईबरोबर बातमी घेऊन आली. केळशीकडच्या एका कोळणीने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुमचा जावय बागंत येकलाच बसतो. आंब्याच्या पेटीवर. डोळे मिटून काय काय बडबडतो. हात हालवतो, पाय हालवतो. बाधा हाय त्येला."

त्या दिवशी सुरमई कुणालाच गोड लागली नाही. बाबांनी ताटातून हात काढून घेतला. "म्हणजे हाकललाय," ते म्हणाले. "डोकं फिरलं म्हणून हाकललाय, आणि आपल्याला सुटे भाग सांगतोय." मी ताट बाजूला सारलं. मला कळलं की मला राग आलाय, पण नेमका कुणाचा ते कळेना.

दुसऱ्याच दिवशी बाबा गावच्या देवीला कौल लावायला निघाले. आत्या गेली, मीही हट्टाने गेले आणि मागे खांबाला टेकून उभी राहिले. आमच्या देवळात देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवाने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, तुजं लेकरू दारात उभं हाय. ह्येच्या लेकीचा जो नवरा ठरलाय, तो हेलिकॉप्टर चालवतो म्हनून सांगतो. चालवत आसंल तं उजवा दे, नसंल तं डावा दे."

सगळे कळ्यांकडे बघत होते. मी गुरवाच्या हाताकडे बघत होते, तो मूर्तीला लागतोय का म्हणून. नाही लागला. बऱ्याच वेळाने डावी कळी पडली.

 संध्याकाळी बाबा म्हणाले, "लोट्याच्या एमआयडीसीत, कंपनीत एक मुलगा आहे. सुपरवायझर. कंपनीच्या बसने जातो, कंपनीच्या बसने येतो. रोज संध्याकाळी घरात दिसतो." आत्या म्हणाली, "रोज दिसतो, हे मातर बरं." ठरलं असं की आत्याने जाऊन अंगठी आणि साडी पिशवीत घालून त्याच्या आईकडे परत करायची.

तेव्हा मी उसळले. मी म्हटलं, "पेटी न उघडता परत करायला लागलात कधीपासून? कोळीण सांगते, गुरव सांगतो. तुम्ही स्वतः तळाला हात घातलात का?" बाबांना असं कुणी बोलत नसे. ते लाल झाले, मग त्यांनी पान जुळवायला घेतलं. पान तोंडात गेल्यावर म्हणाले, "जा. तूही जा आत्याबरोबर. स्वतः बघ आणि मग पिशवी दे."

एस.टी.त आत्या खिडकीशी, मधे ती पिशवी, या कडेला मी. आत्या वाटभर पिशवी घट्ट धरून होती, जणू साडीच उठून पळून जाणार. मला मात्र त्या पिशवीकडे बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर तो मला आवडला होता. "मला नाही माहीत" म्हणणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. आणि तोच जर खोटा निघाला, तर पुढे कुणाच्या शब्दावर विसंबायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

त्याची आई आम्हाला बघून घाबरली. पिशवीकडे तिची नजर गेली आणि ती काय ते समजली. "बागेत आहे तो," एवढंच म्हणाली. मी तिला पाणीसुद्धा आणू दिलं नाही, तशीच बागेत गेले. आत्या मागून.

कोळीण खोटं बोलली नव्हती. एका कलमाखाली तो पालथ्या पेटीवर बसला होता, डोळे मिटून. पाय नारळाच्या दोन सोडणांवर, म्हणजे सोललेल्या सालांवर. गुडघ्यांच्या मधे एक काठी जमिनीत रोवलेली, ती उजव्या हातात. डाव्या अंगाला फावड्याचा मोडका दांडा, तो डाव्या हातात. समोर दुसरी पेटी उभी करून तिच्या फळीवर कोळशाने गोल गोल घड्याळं काढलेली. आणि तोंडाने पुटपुट चालू. आत्याने माझा दंड धरला आणि देवीचं नाव घेतलं.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

त्याने डोळे उघडले. दचकला नाही, लाजलाही नाही. म्हणाला, "सराव."

"हेलिकॉप्टर शिकता म्हणता आणि पेटीवर बसता?"

"शिकायला यंत्र मिळत नाही म्हणूनच पेटीवर बसतो." मग त्याने सगळं सांगितलं, अगदी साधेपणाने. त्याच्या तुकडीसाठी उडण्याजोगी यंत्रं थोडी उरली होती. एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचे. नवे भाग परदेशातून यायचे ते येत नव्हते. शिकवणारेही पुरेसे नव्हते, त्यांतल्या काहींना सीमेवर पाठवलं होतं. मुलं वर्गात बसायची, कवायत करायची, आणि आपल्या पाळीची वाट बघायची. पाळी आली तर त्या दिवशी यंत्र बिघडलेलं असायचं. शेवटी वरिष्ठांनी निम्म्या मुलांना रजेवर पाठवून दिलं. "हात विसरतात," तो म्हणाला. "डोक्याला आठवतं, पण हात विसरतात. म्हणून हे."

माझा विश्वास बसला का? नाही. माझा एवढ्यात बसत नाही. मी विचारलं, "हे तुम्हाला येतं, हे मी कशावरून मानू?"

तो हसला. "हे बघ. यात सगळ्यात वाईट काय, तर वर असताना इंजिन बंद पडणं. तसं झालं की विचार करायला वेळ नसतो. डाव्या हातातला दांडा त्याच क्षणी खाली गेला पाहिजे. गेला, तर खालून येणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरत राहतात आणि माणूस उतरतो. नाही गेला, तर दगडासारखा पडतो. तू समोर बस. मनाला येईल तेव्हा 'इंजिन बंद' म्हण. पण सांगून म्हणू नकोस."

माझ्यासारखीला आणखी काय हवं होतं? मी एक पेटी ओढून समोर बसले. गप्पा मारता मारता म्हटलं, मधेच उठून जाता जाता म्हटलं, त्याला पाठमोरा करून म्हटलं. दर वेळी दांडा आधी खाली जायचा आणि मग त्याचा चेहरा वळायचा. मग आम्ही जेवायला गेलो. आत्या पिशवी मांडीखाली घेऊन पाटावर बसली. त्याने उजवा हात भातात असताना डाव्याने पाण्याचा पेला उचलला, आणि तो ओठांपर्यंत जातो न जातो तोच मी म्हटलं, "इंजिन बंद."

पेला खाडकन जमिनीवर. पाणी उडालं ते आत्याच्या तोंडावर.

"अगो बाय माजे!" आत्या ओरडली. "खरंच बाधा हाय!"

त्याची आई तोंडाला पदर लावून हसत होती. तो खाली वाकून पाणी पुसत होता आणि माफी मागत होता. मी मात्र हसले नाही. मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते. असा हात कुणी नाटकासाठी तयार करत नाही. त्या क्षणी मला तो खरा वाटला, आणि इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आत्याला वाटलं, तिच्यावर उडालं तसं माझ्यावरही उडालंय.

पिशवी परत आमच्याच घरी आली. बाबांनी ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "तळाला काय?" मी म्हटलं, "सारखाच आहे." पण कौलाचं काय? बाबा तणतणत गुरवाकडे गेले. गुरव शांतपणे म्हणाला, "देवी खोटं बोलली नाय. तुमी इचारलंत, चालवतो का. सध्या तो चालवत नाय, मंग ती डावाच देनार. चालवील का, आसं कुटं इचारलंत?" बाबांनी पुन्हा कौल लावला, तसं विचारून. या खेपेला उजवी कळी पडली. मी या खेपेलाही गुरवाच्या हाताकडे बघत होते.

माघही गेला. तो शिमग्याआधी परत गेला, म्हणजे सगळे गावी येत होते तेव्हा हा निघाला होता. त्याचीही गावात चर्चा झालीच. आणि चैत्रात अचानक तार आली. शिक्षण पुरं झालं, पंख मिळाले, वैशाखात लग्न करू.

बाबांनी ऐन हंगामात वखार माणसांवर सोडली आणि स्वतः पेढे वाटत फिरले. आत्याने कोळणीला मुद्दाम हर्णेला जाऊन पेढा दिला. सगळी दापोली खूष. आणि मी स्वयंपाकघरात बसून विचार करत होते. महिनोन् महिने जे अडलं होतं, ते इतक्या थोड्या दिवसांत पुरं कसं झालं? भाग आले? सगळे एकदम आले? शिकवणारे सीमेवरून परतले? मी हे बाबांना विचारलं. पेढ्याचा डबा हातात असलेले बाबा म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच. आता तरी गोड मान." ज्या माणसाने मला तळाला हात घालायला शिकवलं, तोच वरचा थर बघून नाचत होता.

लग्नाला त्याच्या तुकडीतला एक मित्र आला होता, नागपूरकडचा. गोरा, उंच, सतत हसणारा. आमच्या वखारीतल्या पेट्या पालथ्या घालून पंगतीला बसायची सोय केली होती, त्या बघून तो म्हणाला, "वहिनी, इथे तर अख्खी तुकडी शिकेल." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पडवीत तिघेच असताना मी विचारलं, "राहिलेले उड्डाणाचे तास कधी पुरे केलेत?"

तोपर्यंतचा 'तो' आता माझ्यासाठी 'हे' झाला होता. हे म्हणाले, "झाले."

"कधी झाले? दिवस तेवढेच, यंत्रंही तेवढीच."

यांनी पडवीच्या बाहेर बघितलं. मग म्हणाले, "अगदी लागतात तेवढे झाले. सीमेवर माणसं हवी होती. बाकीचं नेमणुकीच्या जागी शिकवतील."

"तिथे शिकवायला माणसं आहेत का?"

"ते मला नाही माहीत," हे म्हणाले. तेच वाक्य, ज्यावर मी भाळले होते. या वेळी मला ते नको होतं.

मित्र म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर आमच्या परीक्षकापेक्षा कडक." यांनी त्याला आमचा खेळ सांगितला होता. त्याच्या डाव्या हातात बुंदीचा लाडू होता. मी काहीच न दाखवता पदर सारखा केला आणि म्हटलं, "इंजिन बंद."

तो खो खो हसला, आणि मग त्याने लाडू खाली नेला. "पुन्हा," मी म्हटलं. "आता सुट्टी आहे, वहिनी," तो म्हणाला आणि लाडू तोंडात टाकला.

दोघांची नेमणूक डोंगराळ भागात झाली, वेगवेगळ्या ठिकाणी. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात हेलिकॉप्टर कोसळून तो मित्र गेला. हवामानामुळे, असं सांगितलं. हे मला ते सांगत होते आणि मी यांच्या तोंडाकडे बघत होते. "हवामान?" मी विचारलं. हे म्हणाले, "तसं लिहिलंय." त्यानंतर आम्ही कित्येक दिवस त्याचं नाव घेतलं नाही. मी मात्र ज्या ज्या गावी यांची बदली झाली, त्या त्या गावी, सकाळी हे निघायच्या आधी, कपाटाशी, न्हाणीशी, बुटाची नाडी बांधताना, एकदा तरी 'इंजिन बंद' म्हणायचे. शेजारणींना वाटायचं, ही बाई नवऱ्याला शिव्या घालते.

आता हे निवृत्त झालेत. आम्ही त्याच बागेत राहतो. हे पालथ्या पेटीवर बसून चहा पितात, डाव्या हाताने, कारण उजव्यात वर्तमानपत्र असतं. कधी कधी मी मागून जाते आणि हळूच म्हणते. कप खाली आदळतो, चहा अंगणभर. मग हे वळून माझ्यावर रागावतात, म्हणतात, आता या वयात तरी सोड. मी कप उचलते. हे आधी कप ठेवतात, मग रागावतात. यांचा तो मित्र आधी हसला होता.